पहिल्या घंटीला

सिहोरा, ९ सप्टेंबर २००२

पोचले एकदाची! तुमसरहून काळीपिवळीत बसले. मी, माझी ट्रंक, दोन कोंबड्या आणि एक काका. काका रस्ताभर मला समजावत होते की बाईमाणसाने कम्प्युटरचं काम करू नये, डोळे जातात. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याला एकच काच होती. पहिल्याच दिवशी भांडण नको, असं आईने नागपुरातून निघताना बजावलंय.

नोकरी माझ्या मनासारखी आहे. तलाव पाणी संघ म्हणजे जुन्या तलावांच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गावांची संघटना. जिल्हा फुटला तेव्हा संघातले बरेच तलाव गोंदियाकडे गेले. उरलेल्या गावांना कुठल्याशा मदतीतून जुने कम्प्युटर आणि मोडेम मिळाले, आणि त्यातून 'फलक' सुरू झाला. इंटरनेट वगैरे काही नाही. गावच्या सोसायटीतून आमच्या फोनचा नंबर लावायचा, इथला मोडेम फोन उचलतो, आणि तिकडच्या पडद्यावर फलक उघडतो. कोणत्या तलावात किती पाणी, कोणत्या बाजूला सोडलं, उद्या कोणाला मिळणार. मराठी सगळी रोमन अक्षरांत. वाचायचं, लिहायचं, फोन ठेवायचा. खालच्या गावाला आधी कळलं की डोकी फुटत नाहीत, एवढा साधा हिशेब.

हा फलक आता मी सांभाळायचा. ऑफिस म्हणजे सोसायटीच्या गोदामावरची खोली. खिडकीतून अख्खा तलाव दिसतो, समोर मातीची पाळ, पाळीच्या मधोमध तुडूम. तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा. पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांना भोकं, भोकांत लाकडी दट्टे. पाणी हवं तसा एकेक दट्टा काढायचा. हे काम करणाऱ्याला इथे पाणकर म्हणतात.

आणि सिहोऱ्याचे पाणकर गुलाबभाऊ हेच माझे घरमालक! जयभीम केला, ट्रंक स्वतः उचलली, आणि बायकोला म्हणाले, ह्या भावनाताईले आता बहीणच समज. रत्नमालावहिनी अंगणवाडीत आहेत. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि तलावातल्या मासोळीचं तिखटजाळ कालवण. नाक गळेपर्यंत जेवले. इथे माझं बरं जमेल.

१२ सप्टेंबर

इथली माणसं बहिरी आहेत असं मला दोन दिवस वाटत होतं.

अंगणातून 'वहिनी' म्हणून हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, नाही. तिसरीला आतून 'ओ, आली वं.' गुलाबभाऊंचं तेच, शेजारच्यांचंही तेच. काल मात्र माझी सटकली. म्हटलं, ऐकू येतं ना, मग पहिल्यांदा ओ द्यायला काय जातं?

वहिनींनी दार लोटून घेतलं आणि चूल फुंकता फुंकता हळू आवाजात सांगितलं. पाण्याकाठच्या गावात पहिल्या हाकेले ओ देत नाहीत. तिसरीले देतात. माणूस तीनदा हाक मारते, ते एकदाच मारते. 'ते' म्हणजे काय विचारलं तर म्हणे, त्याले नाव असतं तर एकदाच कायले हाक मारली असती.

मला हसू आलं. म्हटलं, वहिनी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि भुताखेतांना घाबरता? गुलाबभाऊ भाकरी मोडत म्हणाले, "आमी मानत नाई ताई. पन ओ बी देत नाई." आणि हे बाहेर बोलायचं नाही म्हणाले, पाण्याजवळ तर नाहीच. घरातल्या घरात सांगायची गोष्ट आहे. याला काय म्हणावं! मानत नाहीत आणि दार लावून कुजबुजतात.

गंमत म्हणजे फलकसुद्धा तसाच आहे. मोडेम तिसऱ्या घंटीलाच उचलतो. माझ्याआधी इथे पुंडलिकराव होते, ते निवृत्त होऊन लाखांदूरकडे गेले, हे सेटिंग त्यांचं. खेड्यातल्या लाइनी आधीच कच्च्या, दुसऱ्या घंटीला फोन कटतो आणि लोक माझ्या नावाने शंख करतात. प्रोग्रामही जुनापुराणा. नवीन व्हर्जन आलंय, मी अध्यक्षांच्या मागे लागणार.

१८ सप्टेंबर

झालं अपडेट! अध्यक्ष कृष्णराव आधी कुरकुरले. त्यांचं एकच पालुपद, चालून राहिलं ना, मग काहून हात लावता? पण मी ऐकते होय. कंपनीचा चंदन नागपुरातून फ्लॉप्या घेऊन आला, दुपारभर खटपट केली, जाताना वहिनींच्या हातचे अनारसे खाऊन गेला.

आता फोन पहिल्या घंटीला उचलतो. निळा पडदा, नीट मेनू, सूचनांसाठी वेगळं पान, आणि लॉगमध्ये सगळी नोंद आपोआप. फलक उघडला की वर येतं : 'स्वागत. तुमच्या आधी आलेले : अमुक, गाव तमुक.' शेजाऱ्याने नमस्कार करावा तसं वाटतं. मी खूश आहे.

२० सप्टेंबर

खूश होते. आता नाही.

हा लॉग आहे की भंगारवाल्याचं पोतं? तारखा अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस. गावांच्या नावांपुढे कसलेसे आकडे आले. जुना लॉग साधा होता, कोण आलं, काय लिहिलं, संपलं. ही बया कोणी कुठलं पान किती वेळ पाहिलं तेही लिहिते. आणि मध्येमध्ये कोऱ्या ओळी! गाव नाही, नाव नाही, पासवर्ड नाही. नुसतं :

आला. आधीचा कोण ते पाहिलं. गेला.

चार दिवसांचा कागद अर्ध्या दिवसात संपला. कृष्णरावांनी प्रिंट हातात घेऊन विचारलं, हा बिननावाचा कोन होय? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

२४ सप्टेंबर

चंदनला फोन लावला. लागला एकदाचा. त्याला म्हटलं, तुमच्या व्हर्जनमध्ये गडबड आहे, नाव न देता कोणीतरी आत येतंय. तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला की मॅडम, गडबड वगैरे काही नाही. फोन आधीही येत असतील. जुना प्रोग्राम तिसऱ्या घंटीपर्यंत थांबायचा, एक घंटी देऊन बंद झालेला फोन त्याच्या गणतीतच नव्हता. नवा पहिल्या घंटीला उचलतो, म्हणून नोंदतो. जुनं गाळत होतं, नवं गाळत नाही, एवढंच.

म्हणजे मी पैसे घालून चाळणी काढून टाकली. शाबास भावना.

मग म्हटलं, निदान तिसऱ्या घंटीचं सेटिंग परत द्या. ते आता प्रोग्रामात पक्कं आहे म्हणे, बदलत नाही. जुनं व्हर्जन परत घाला म्हटलं तर जुन्या फ्लॉप्या तुमच्याकडेच होत्या म्हणाला. होत्या. कपाटात. पावसाळ्याच्या ओलीने त्यांना बुरशी आली आहे, एकही वाचली जात नाही. फोन ठेवल्यावर मी टेबलाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

२७ सप्टेंबर

आज टेलिफोनवाले लाइन तपासून गेले. लाइन उत्तम. ज्या वेळेला कोऱ्या ओळी आहेत त्या वेळेला त्यांच्याकडे एकही फोन दिसत नाही. मी घंटी स्वतः ऐकली आहे. एकच घंटी वाजते, मोडेम किंचाळतो, लॉगमध्ये ओळ उमटते. त्यांनी मला पाणी प्यायला सांगितलं.

चिडून पुंडलिकरावांना फोन केला. तिसरी घंटी का ठेवली होती ते विचारलं. तेही खेकसले. म्हणाले, "आपल्या इकडं पयल्या हाकेले कोनी ओ देते का, पोरी? मशीन झाली म्हून का झालं? म्हून तीनवर ठेवलं. बाकी मले काई मायती नाई." आणि फोन आपटला. शहाणपणाची दोन वाक्यं सांगतील म्हणून फोन केला, तर तेही माझ्यासारखेच अडाणी.

मी मानत नाही. पण ती कोरी ओळ दर वेळी एकच गोष्ट पाहते. पाणी पाहत नाही, वाटप पाहत नाही. तिच्या आधी कोण आलं होतं, तेवढंच नाव पाहते.

१ ऑक्टोबर

नाकाडोंगरीचा पाणकर अंकुश गेला. तलावात बुडून.

जेमतेम पंचविशीचा. दर वेळी नोंदीच्या शेवटी 'ताईंना नमस्कार' लिहायचा. पट्टीचा पोहणारा. कृष्णराव मातीला जाऊन आले, त्यांनी सांगितलं. भर दुपारी जेवायला बसला होता. बायको समोर होती. तिला काहीच ऐकू आलं नाही. हा मात्र एकदम मान वर करून 'ओ, आलो' म्हणाला आणि हात न धुता उठला. ती म्हणते, त्याला त्याच्या थोरल्या भावाने बोलावल्यासारखं वाटलं असेल, कारण भावाला ओ देतो तशीच त्याने ओ दिली. भाऊ सुरतेला असतो. पाळीवर चपला सापडल्या, नीट जोडून ठेवलेल्या.

मला रडू आवरलं नाही. कधी पाहिलाही नव्हता मी त्याला.

३ ऑक्टोबर

लॉग काढला. दोन दिवस काढणार नाही म्हणत होते, काढला.

त्या दिवशी सकाळी : अंकुश, नाकाडोंगरी, पाणी सोडलं, ताईंना नमस्कार.

त्याच्या खाली लगेच : आला. आधीचा कोण ते पाहिलं. गेला.

नाव आम्ही दिलं. फलकाने दिलं. माझ्या निळ्या पडद्याने स्वागत म्हणून दिलं. पहिल्या घंटीला उचललं, आणि विचारण्याआधी सांगितलं.

कृष्णरावांकडे गेले आणि फलक बंद करा म्हटलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, तेवढं बरं. पण म्हणाले की धान निसवून राहिलं आहे, याच पंधरा दिवसांत पाणी मागेपुढे झालं तर लोंबीत दाणा भरत नाही. फलक बंद झाला की वरची गावं दट्टे उघडतील, खालची कुऱ्हाडी घेऊन येतील. एक पोरगा बुडाला म्हून दहा गावं मारू का, असं मलाच विचारलं. त्यांचं खोटं नाही.

मग माझ्या परीने उपाय केला. दर नोंदीनंतर मी स्वतः इथल्या मशीनवरून आत जाऊन माझं नाव मागे ठेवायचं, म्हणजे पाहायचं तर माझं पाहू दे. तर हे दिव्य व्हर्जन ऑपरेटरला मोजतच नाही! माझ्यानंतरही वर आधीच्याच पाणकराचं नाव. ऑपरेटर त्याच्या लेखी माणूस नाही. शिव्या घातल्या, मोठ्याने. खाली सोसायटीत ऐकू गेल्या असतील.

आजपासून मी सगळं या वहीतही लिहीत राहणार. लॉगवर माझा विश्वास उरला नाही.

७ ऑक्टोबर

दिघोरीहून तिथल्या पाणकराचा, गोपीचंदचा, साध्या फोनवर निरोप. घाबरलेला होता. काल पाणी सोडताना पाण्याकडून त्याच्या आईने हाक मारली. आई वारून तीन वर्षं झाली. तो ओ देणारच होता, पण लहानपणची सवय, जीभ टाळ्याला चिकटली. थांबला. दुसरी हाक आलीच नाही.

लॉग पाहिला. त्याच्या नावाखाली कोरी ओळ होती.

म्हणजे थांबलं की ते जातं. एकदाच मारतं. वहिनी म्हणाल्या तसंच. माझा जीव भांड्यात पडला, खरंच. मी मानत नाही म्हणत बसले असते तर आणखी एक गेला असता. मानत नाही तर नाही, पण जे लागू पडतं ते लागू पडतं.

मशीनला थांबता येत नाही ना? मग माणसांनी थांबायचं. अंकुशसारखी नवी पोरं विसरतात. त्यांना कोणीतरी ठणकावून सांगायला हवं.

८ ऑक्टोबर

फलकाच्या सूचनांच्या पानावर, सगळ्यात वर, टाकून दिलं :

'सर्व पाणकरांनी वाचावे. पाण्यावर असताना कोणीही, ओळखीच्या आवाजात जरी, हाक मारली तरी ओ देऊ नये. दुसऱ्या हाकेलाही देऊ नये. हाक तीनदा आली तरच माणूस समजावा आणि ओ द्यावी. नागपुरी ताई.'

किती दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन गुलाबभाऊंना सांगितलं. ते खूश होतील वाटलं होतं. त्यांचा घास हातात राहिला. "असं लिहून ठेवते का कोनी, ताई? हे घरात सांगाचं असते. कोन वाचते, कोन नाई, तुमाले का मालूम?" वहिनी ताट उचलून आत गेल्या. मी फणकारले. जीव वाचवायला जावं तर हे! लोक मरेपर्यंत कुजबुजत बसायचं का?

नंतर गुलाबभाऊच खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले, बरं केलं असेल, तुमाले जास्त समजते. मला अजूनच वाईट वाटलं.

११ ऑक्टोबर

तीन दिवस सगळं ठीक. कोऱ्या ओळी येतात, पण कोणाला काही झालं नाही. पाणकर सूचना वाचताहेत, लॉगमध्ये दिसतं. गोपीचंदने खाली लिहिलं, 'लय बेस.' कृष्णरावांनीसुद्धा वाचून मान डोलावली.

वहिनी उद्या निघतील, दसऱ्यासाठी दीक्षाभूमीवर, अंगणवाडीच्या बायकांबरोबर ट्रकने. दर वर्षी दोघं जातात. यंदा गुलाबभाऊंना पाणी सोडून निघता येत नाही. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्याकडे लक्ष ठेवा. लग्नाला नऊ वर्षं झाली, आत्ता कुठे दिवस राहिलेत, तिसरा महिना आहे, अजून गुलाबभाऊंनाही सांगितलेलं नाही. दीक्षाभूमीहून आल्यावर सांगणार. मी त्यांचा हात धरून वचन दिलं.

१४ ऑक्टोबर

वहिनी नागपुरात. घर ओकं वाटतं. गुलाबभाऊ सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताहेत, ट्रक परत कधी येईल.

आज लॉगमध्ये ओळ बदलली.

आला. आधीचा कोण ते पाहिलं. सूचनांचं पान उघडलं. गेला.

नाव नाही. गाव नाही.

चंदनच्या कंपनीत फोन उचलत नाहीत. दसऱ्याची सुट्टी.

१४, संध्याकाळ

पुन्हा. या वेळी फक्त सूचनांचं पान. आधीचं नाव पाहिलंच नाही.

बराच वेळ होता त्या पानावर. मी मोडेमचा दिवा लुकलुकताना पाहत उभी होते. एवढी छोटी सूचना. वाचायला एवढा वेळ कोणाला लागतो? ज्याला वाचायची सवय नाही, त्याला.

सूचना पुसायला गेले. 'वाचली गेलेली सूचना पुसता येत नाही.' हे व्हर्जन ज्याने लिहिलं त्याचे —

मोडेमची वायर उपटली. गेले खड्ड्यात कृष्णराव आणि त्यांचं धान.

१५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ऑफिसात आले तर वायर जागेवर. कृष्णरावांनीच जोडून घेतली, रागावून चिठ्ठी ठेवली आहे. दिघोरीला पाणी सोडायचं होतं, वरच्या गावांतून फोन लागत नव्हते.

गुलाबभाऊ खालच्या सोसायटीतून नोंद करून गेलेत. मी कालच हात जोडले होते, नोंद करू नका. नियम म्हंजे नियम, म्हणाले असतील.

तुमच्या आधी आलेले : गुलाब, सिहोरा.

दुपार

घंटी. एकच.

आला. आधीचा कोण ते पाहिलं. गेला.

पुन्हा घंटी.

आला. गेला.

आणखी एक.

आला. गेला.

तीनदा. लागोपाठ. आजवर कधी लागोपाठ दोनदासुद्धा आला नव्हता. पुढच्या दोन्ही वेळी काही पाहिलं नाही, काही उघडलं नाही. नुसता तीनदा यायचा सराव करून पाहिल्यासारखं.

अगं भावना, काय केलंस हे. पिढ्यानपिढ्या दार लावून सांगत होते. त्याला कधी कळू दिलं नाही. मी लिहून दिलं. माझ्या सहीने.

गुलाबभाऊ घरी नाहीत. कुलूप आहे. सोसायटीत म्हणाले, संध्याकाळचं पाणी सोडायला पाळीवर गेले.

ऑफिसात परत. खिडकीतून दिसतात. तुडुमावर, गुडघाभर पाण्यात. पाळीवरून फिरून जायला फार वेळ लागेल. हाक लवकर पोचते. पाण्यावरून आवाज चांगला जातो.

वही सोडत नाही. कोणीतरी माणसाने नोंद ठेवायला हवी.

आवाज आला. माझ्या आधी.

'अवो —'

वहिनींचा. हुबेहूब. काठावरून नाही, पाण्याकडून. त्या नागपुरात आहेत, त्या नागपुरात —

मी ओरडले. गुलाबभाऊ! जीव काढून. त्यांनी ऐकलं. पाठ ताठ झाली. वळले नाहीत. थांबले आहेत. शहाण्यासारखे. मी सांगितलं तसे.

'अवो —' दुसरी.

मीही दुसरी. माझ्याकडे पाहा ना भाऊ, खिडकीकडे, मी आहे, भावना — नाही वळत. मोजताहेत. आम्हा दोघींच्या मोजताहेत.

तिसरी मारायला तोंड उघडलं, आणि तिची आली. आणि गुलाबभाऊ आवाजाकडे अर्धवट वळून हसले, इथून दिसलं मला, ट्रक लवकर आला असं वाटून हसतात तसे. त्यांनी ओ दिली. माझ्याकडे नाही. पाण्याकडे. "आलो वं" म्हणाले, आणि दट्टा पायरीवर नीट ठेवून खाली उतरून —